साखर का वाढली

माझ्या डाव्या दंडावर नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली असते. तिच्यामुळं माझी साखर मोबाईलवर दिसते, तिथून सांगलीच्या डॉक्टरबाईंना आणि पुण्यात बसलेल्या माझ्या मुलाला दिसते. चकतीवर माझा राग नाही. रोज टोचून टोचून बोटांची चाळण झाली होती, ते थांबलं. एकदा भरदुपारी साखर उतरली तेव्हा फोन किंचाळला, म्हणून मी उठून गूळ तोंडात टाकला. नाहीतर तिथंच आडवी झाले असते. राग आहे तो मुलावर, आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

जन्म शाळेत पोरं शिकवण्यात गेला. नवरा गेल्यापासून कवठे महांकाळच्या घरात एकटी राहते आणि माझं झकास चाललंय. पण चकती लागल्यापासून मुलाचे फोन वाढले आणि बोलणं आटलं. "आई, भात किती घेतलास?" "आई, चहात साखर घातलीस ना?" पुरणपोळीचा तुकडा मोडला की पुण्याहून फौजदारी सुरू. गुडघा कसा आहे, शेजारणीशी अबोला मिटला का, यातलं काही त्या चकतीत दिसत नाही, म्हणून तो विचारतही नाही.

यंदा अक्का गेली. माझी थोरली बहीण, खंडाळ्याला दिलेली. पहाटे भाच्यानं कळवलं आणि मी अंगावरच्या साडीनिशी गाडीत बसले. सकाळचं इंजेक्शन घरीच राहिलं. पोहोचले तेव्हा अक्काला अंगणात आंघोळ घालत होते. मी तिच्या पायांवर पाणी ओतत होते आणि माझ्या पिशवीतला फोन वाजायला लागला. थांबेचना. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. शेवटी ओल्या हातानंच उचलला.

"आई, काय खाल्लंस? साखर केवढी वर गेलीय!"

"अक्का गेली रं," मी म्हणाले. "तुझी मावशी गेली."

मला वाटलं, आता हा रडेल. लहानपणी सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्या घरी, तिच्या हातचं खाऊन काढलेल्या.

"अरेरे," तो म्हणाला. आणि लगेच, "पण तू खाल्लंस काय?"

फोन दगडावर आपटावासा वाटला. "आरं, मढं दारात हाय आन् मी खाईन व्हय?" एवढं बोलून बंद केला. मयत उचलेपर्यंत आमच्याकडं कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. हे त्याला मी सांगायचं? बापाची तिरडी आमच्या दारातून उठली, तेव्हा तो स्वतः कोरड्या तोंडानं बसला होता. पुण्याहून खंडाळा ते केवढं लांब! तरी मातीला आला नाही. ऑफिसात काम होतं म्हणे.

दिवसकार्य उरकल्यावर मात्र आला, सूनबाईला घेऊन, थेट माझ्या घरी. मोबाईल माझ्यापुढं धरला आणि अक्का गेली त्या दिवशीची साखरेची उभी चढलेली रेष दाखवली. म्हणाला, तू एकटी राहून पथ्य पाळत नाहीस, घराला कुलूप लावू, पुण्याला चल. सगळं ठरवूनच आला होता. मी सांगितलं, त्या दिवशी माझ्या पोटात कण नव्हता.

"आई, मशीन कशाला खोटं बोलेल?"

म्हणजे मी खोटं बोलत होते! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चल सांगलीला, डॉक्टरबाईंसमोर बोल.

डॉक्टरबाईंनी रेष पाहिली. मग मोबाईल बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं. "बाई, या दिवशी काय झालं होतं?"

एवढे दिवस हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडले. त्या म्हणाल्या, अशा धक्क्यानं उपाशीपोटीसुद्धा साखर वाढते, त्यात इंजेक्शन चुकलेलं. इंजेक्शनाबद्दल मला चांगलं फैलावर घेतलं आणि ते मी निमूट ऐकलं. मग त्या मुलाकडं वळल्या. "तुम्ही फोन करून डोस वाढवा म्हणून माझ्या मागं लागला होता. नुसती रेष बघून वाढवला असता, तर साखर एकदम उतरून तुमच्या आई घरात एकट्या कोसळल्या असत्या."

तो मला म्हणाला, "मग आई, सांगायचंस ना तसं."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "अंगणात सांगितलं, घरात सांगितलं."

मग डॉक्टरबाईंना विचारलं, माझी साखर कुणी बघायची हे कुणाच्या हातात असतं? त्या म्हणाल्या, तुमच्याच. तिथल्या तिथं मी मुलाला माझ्या मोबाईलमधून त्याचं नाव काढायला लावलं. म्हटलं, पुण्याला मी येत नाही. आई कशी आहे हे कळून घ्यायचं असेल तर फोन करून विचारायचं. तोंड पाडून का होईना, काढलं त्यानं.

याला महिना होऊन गेला. मधे साखर जरा हलली तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला होता. जेवलात का, झोप लागते का, बहिणीची फार आठवण येते का, सगळं विचारलं त्यांनी. मुलाचा फोन अजून आलेला नाही.