चिमूटभर तपकीर

लहरीपुऱ्याच्या बाजारातून जाताना तपकिरीचा उग्र वास आला, की मला गोत्री भागातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. मुलाकडचे बाहेरच्या खोलीत बसले होते आणि मी स्वयंपाकघरात चहाचा ट्रे भरत होते. मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, पण बाबांनी ते ऐकूनही घेतलं नव्हतं. आईनं कमरेची डबी काढली. ती वर्षानुवर्षं हिरड्यांना तपकीर लावायची. तोंड इतकं सोलवटलेलं, की साधी आमटीही तिला झोंबायची. "घे चिमूटभर," ती हलकेच म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनंही अशीच दिली होती. डोकं सुन्न होतं, मग काही वाटत नाही." तिला ठाऊक नव्हतं, की दोन वर्षं मी तिच्याच डबीतून चोरून लावत होते. सवयीनं माझं बोट पुढे गेलं आणि एकदम भीती वाटली, की आज लावली तर मी 'हो' म्हणेन आणि जन्मभर लावत राहीन. मी तपकीर न लावताच ट्रे घेऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "मला तपकिरीचं व्यसन आहे. ते सोडायचंय, पुढे शिकायचंय. लग्न नाही करायचं." पाहुणे निरोपाचं 'आवजो'सुद्धा न म्हणता उठून गेले. बाबांनी ट्रे भिरकावला. आई फरशीवरचा चहा पुसत राहिली, आणि मान वर न करताच तिनं विचारलं, "मलाही असं म्हणता आलं असतं का गं?" माझं व्यसन सुटून आता बरीच वर्षं झाली, पण तो वास आला, की तिचा प्रश्न अजून ऐकू येतो.