आत्या आणि बिनतारखेचे फोटो

आत्याला कोणी फोटो दाखवला, की ती चेहरा नंतर बघायची. आधी विचारायची, "तारीख हाय का यात?" बालाघाटच्या आमच्या घरात लग्नाकार्यात, सणावाराला कॅमेरा तिच्याच हातात असायचा आणि सगळ्या गोतावळ्याचे फोटो तिच्याच कॉम्प्युटरवर जमायचे.

डिजिटल फोटोच्या पोटात तो कधी काढला ते नोंदलेलं असतं. दहा फोनांतून फॉरवर्ड होत आलेल्या फोटोत ते बहुधा उरत नाही. असे फोटो हुडकायला आत्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचे लेखी हुकूम, लिहायला शिकली. काळ्या पडद्यावर चार ओळींचा हुकूम सोडला, की बिनतारखेच्या फोटोंची यादी सरसर खाली यायची. स्क्रिप्ट नुसती दाखवायची, कशाला धक्का लावायची नाही. "पहिले पाहाचं, मंग हात लावाचा," असं आत्याचं म्हणणं.

माझा चुलतभाऊ प्रकाश एकदा यादीतला एक फोटो बघून म्हणाला, "आत्या, याच्यात तारीख दिसून तर राह्यली."

"ते फाइल इथं आली त्याची. जावई घरी आला तो दिवस त्याचा जन्मदिवस असते का?"

मग ती खुणा बघायची: फाटकाचा रंग, कोणाची नवी मोटरसायकल. भरवेली गावच्या काकूला घरातल्या सगळ्या कार्यांच्या तारखा तोंडपाठ, तिला फोन करून खात्री करायची. नक्की कळलं तरच तारीख भरायची, नाहीतर जागा मोकळी.

डिस्क भरली तेव्हा प्रकाश म्हणाला, बिनतारखेचे सगळे पुसून टाकू. आत्या एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "तारीख नाई म्हणून तो माणूस नाई झाला का रे?" दुसऱ्या दिवशी तिनं नवी डिस्क आणली.

यंदा आत्या गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता आणि तारीखवार लावलेल्या फोटोंत ती कुठेच नव्हती. शेवटी मी तिचीच स्क्रिप्ट चालवली. यादीतले फोटो उघडत गेलो, तर आत्याच आत्या. कॅमेरा कायम तिच्याकडे, त्यामुळे तिचे फोटो इतरांनी फोनवर काढलेले, फॉरवर्ड होऊन आलेले. तेव्हा पुसले असते तर तिचा एकही फोटो उरला नसता.

मग प्रकाशनं रामपायलीच्या मंदिरातल्या एका फोटोवर बोट ठेवलं. आत्या हसत होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. "तिले कॅमेरा धरता येत नव्हता, म्हणून मी काढलता. दिवाळीत हात मोडलता न तिचा? हा त्याच वर्षीच्या तुळशीच्या लग्नाचा."

"पक्कं?"

"हौ, पक्कं."

तारीख भरून मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तो फोटो यादीत आला नाही. मला रडू आलं. डोळे पुसून वर पाहिलं, तर प्रकाश भरवेलीच्या काकूला फोन लावून यादीतला पुढचा फोटो कधीचा ते विचारत होता.