जाहिरात लागू दे

माझी मावशी एकतीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानात काज-बटण करत होती. दिवसभर मान मोडून घरी आली की तिला बोलायचं असायचं. पण सात वाजता टीव्ही लागायचा आणि काकांचा कायदा सुरू व्हायचा. मालिका चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. "जाहिरात लागू दे, मग बोल."

मग मावशी जाहिरातीत बोलायची. तीन मिनिटांत बसेल एवढंच, मापात कापलेलं. मुलाचं लग्न साबण आणि टायरच्या जाहिरातींमध्ये ठरलं. तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा ती पदर तोंडाशी धरून जाहिरातीची वाट बघत बसली होती. मी त्यांच्याकडे गेले की हा किस्सा सांगून सगळे हसायचे. मीही हसायचे, माझं मेलीचं काय जात होतं!

मग गेल्या वर्षी मुलाने भिंतभर टीव्ही आणला. वर जादा पैसे भरून बिनजाहिरातीची सोय घेतली. "आई, आता मधे मधे कटकट नाही," म्हणाला. लेकाने हौसेने केलं, खोटं कशाला बोलू? एक भाग संपला की पाच आकडे मोजून पुढचा आपोआप सुरू. जेवणंही तिथेच, डोळे वर आणि घास खाली.

त्याच सुमारास मावशीला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. सुईत दोरा जाईना. दुकानाच्या मास्तरांनी चार शर्ट परत केले, बटणं वाकडी लागली म्हणून. तिला भीती वाटली, काम जाईल याची आणि त्याहून मोठीही. घरी सांगायचं ठरवून ती रोज समोर बसायची.

"अहो, माझ्या डोळ्यांना जरा..."

"थांब गं, आत्ता खून कुणी केला ते कळणार आहे."

खुनी कळायचा. पाच, चार, तीन, दोन, एक. की पुढचा भाग सुरू.

सून म्हणायची, "आई, हे झालं की बोलूया हं." तिनेही ते मनापासूनच म्हटलेलं असायचं. सकाळी सगळे आपापल्या कामाच्या घाईत, आणि कामाच्या घाईत माणसाला अडवू नये, अशी मावशीची समजूत. मला फोनवर का सांगितलं नाहीस, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "घरच्यांच्या आधी बाहेर कसं सांगू?"

एका रविवारी मी गेले, तेव्हा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला. बशीत नाही, थेट टेबलावर. काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "सांडलं बघ." मी दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं आणि मुलालाही बोलावून घेतलं.

काचबिंदू. डावा डोळा गेलेला, उजवा अर्धा. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सहा महिने आधी आला असता तर बरंच वाचलं असतं, तेही सांगितलं.

बाहेर बाकावर मुलगा तिच्यावरच चिडला. "आई, अगं तोंड नव्हतं का तुला? बोलली का नाहीस?"

मावशी सरळ म्हणाली, "जाहिरातच कुठे लागते रे आता आपल्याकडे?"

त्याच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं. मग आठवलं, दोन महिन्यांपूर्वी त्याच टीव्हीसमोर मीच तिचा हात दाबून म्हटलं होतं, "मावशी, एक मिनिट."

त्या संध्याकाळी सात वाजता मुलाने टीव्ही लावला नाही. चौघंही नेहमीच्या जागी बसली, मी दाराशी. मावशीला बोलायला आता सगळी संध्याकाळ होती. काकांनी दोनदा घसा खाकरला. सुनेने विचारलं, "आई, पाणी हवं?" तिला नको होतं. त्यापुढे कुणाला काही सुचेना. इतक्या वर्षांत तीन मिनिटांपलीकडे बोलायची सवयच कुणाला राहिली नव्हती.

पंधरा मिनिटं झाली असतील. शेवटी मावशीच म्हणाली, "लाव रे बाबा. तेवढाच माणसांचा आवाज."

त्याने लावला.