आगाशेबाईंचा दीडशे वर्षांचा पियानो

घरच्या मैफलीला उशिरा आलेला माणूस संकोचून दाराशीच बसला, की आगाशेबाई वाजवणं थांबवत. "पुढे या. हा पियानो ओरडत नाही. ऐकायला तुम्हालाच जवळ यावं लागेल."

बाई शाळेत भूगोल शिकवत. पुण्याच्या कॅम्पातला एक बंगला रिकामा होताना हा दीडशे वर्षांचा पियानो त्यांनी घेतला. दुरुस्तीवाल्यानं तो सरपणाला द्यायला सांगितला होता. बाईंनी परदेशातून पुस्तकं मागवली, आत तारांवर पडणाऱ्या हातोड्यांसाठी चामडं मऊ करून घेतलं आणि चार वर्षं खपून त्याला बोलतं केलं. मग त्याच काळातल्या रचना त्या त्यावर वाजवू लागल्या. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी शिकले ती त्यावरच.

परीक्षेत मात्र मी आपटले. एका रचनेत सूर रेंगाळत ठेवणारं पेडल दोन ओळी दाबूनच ठेवायचं, अशी रचनाकाराची खूण होती. परीक्षेतल्या नव्या पियानोवर मी ती तशीच पाळली आणि सूर एकमेकांत कालवले गेले. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला, की ती खूणच चुकीची आहे.

बाई आधी मला बोलल्या. वाद्य बदललं हे तुझ्या कानांना कळायला हवं होतं, म्हणाल्या. मग परीक्षकांना पत्र टाकून त्यांनी चहाला बोलावलं.

ते आले. बाईंनी त्या दोन ओळी वाजवल्या. या पियानोचा सूर लवकर विरतो. दुसरा येईपर्यंत पहिला फिका झालेला असतो. पेडल दाबलेलंच होतं, तरी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. परीक्षकांनी स्वतः दोनदा वाजवून पाहिलं.

"तीस वर्षं मी मुलांना ही खूण खोडायला लावतोय," ते हळूच म्हणाले.

"लिहिणाऱ्याला चुकीचं ठरवण्याआधी त्याचं वाद्य ऐकावं," बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

माझे गुण बदलले नाहीत. पण दर हिवाळ्यात ते आपले विद्यार्थी घेऊन पुण्याला येऊ लागले. मी सतरंज्या घालत असे, आणि त्या मुलांना बाईंपुढे गप्प बसलेलं पाहून माझी मान ताठ होई.

बाई गेल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांची बोटं आखडली होती. त्यांनी मला वाजवायला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. वाजवून झाल्यावर परीक्षक त्यांचं अभिनंदन करायला वाकले.

"मला काय सांगता?" बाई म्हणाल्या. "वाजवलं हिनं."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं कौतुक केलं ते एवढंच. मला ते पुरलं आहे.