दोर न लावता अकोला

आमच्या अमरावतीच्या घरी गाड्या दोन आणि पोर्चमध्ये जागा एकीचीच. त्या जागेवर बाबांची पद्मिनी उभी असते. क्रीम रंगाची, अठ्ठ्याहत्तर सालची, गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ असलेली. नवी गाडी बाहेर रस्त्यावर ऊन खाते. यावरून आमच्याकडे इतक्यांदा वाजलंय की शेजाऱ्यांना दोघांचीही बाजू तोंडपाठ आहे. शेवटी आमच्या ह्यांनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या सुधाकररावांनी, एका दुपारी अट घातली.

"तुह्या क्लबवाल्यांसंगं अकोल्याले जाऊन ये. गाडी आपल्या चाकावर गेली आन् आपल्या चाकावर आली, तं मी पुन्हा तोंड उघडणार नाही. दोर लावून आणा लागली, तं विकायची."

मी म्हटलं, "चालते." म्हटलं खरं, पण धोका होताच. अकोल्यातल्या लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या एका माणसाने पद्मिनीला मागणी घातलेलीच होती. बाबांनी मला याच गाडीवर शिकवलं. घरात भाऊ असताना मला आधी शिकवलं, याचा मला आजही तोरा आहे. ती गाडी फुलं चिकटवून कुणाच्या तरी फोटोत उभी राहणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आमचा क्लब म्हणजे नऊ जुन्या गाड्या आणि त्यांना कंटाळलेली नऊ कुटुंबं. नियम एकच. एक गाडी थांबली की सगळ्यांनी थांबायचं, बोनेट उघडायचं आणि प्रत्येकाने एकेक आजार सांगायचा. ज्याची गाडी, त्याने सगळ्यांचं सांगून होईपर्यंत गप्प बसायचं. मालक लेकरू आजारी असल्यासारखा बोलतो, त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही, असं देशमुख काकांचं म्हणणं. काका क्लबचे सगळ्यात वडीलधारे, त्यांची काळी अँबेसिडर माझ्याही आधीची आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. सुधाकरराव शेजारच्या सीटवर, मांडीवर पाण्याची कॅन. "साक्षीदार म्हणून येऊन राह्यलो," म्हणाले. जाणाऱ्यांसाठी सांगते: जुनी गाडी असेल तर जाताना बडनेरा-मूर्तिजापूरच्या हायवेवर जाऊ नका, ट्रक अंगावर येतात. वलगावहून दर्यापूरचा रस्ता धरा. मधे मधे खड्डे आहेत, पण चाळीस-पन्नासच्या वेगात ते आधीच दिसतात. पद्मिनी लिटरला अकराच्या आसपास देते, तेव्हा जाऊन-येऊन पेट्रोलचे दोन हजारांच्या वर धरा. पंख्याचा पट्टा, दोन प्लग आणि भरपूर पाणी सोबत हवंच.

दोन्हीकडे काळी जमीन, त्यात वेचून झालेली कपाशीची पराटी आणि शेंगांनी वाकलेली तूर. थंडी अशी की काच खाली करावी वाटते आणि केली की पस्तावा होतो. नऊ गाड्यांची रांग पाहून शेतातली माणसं उभी राहत. एका म्हातारबाबांनी हात करून मला थांबवलं आणि विचारलं, "कोनाची वरात हाय बाई?" मी म्हटलं, "कोणाचीच नाही, अशाच फिरून राह्यलो." त्यांना ते काही पटलं नाही.

दर्यापुरात चना-पोहे खाल्ले. वर झणझणीत रश्श्याची तर्री मागून घ्या, न मागता देतात ती पातळ असते. तिथे सगळ्यांनी माझं बोनेट उघडून इंजिन पाहिलं आणि तारीफ केली. इंजिन खरंच लखलखत होतं. मलाच आश्चर्य वाटलं, कारण मी फक्त वरवर फडकं मारलं होतं. पण तारीफ फुकट मिळत असेल तर कोण नको म्हणतं? मी मान डोलावली.

दर्यापूर सोडल्यावर गाडी जड चालायला लागली. आधी वाटलं माझाच भास. मग तिसऱ्यावरून चौथ्यात टाकलं की ती दम लागल्यासारखी करी. पेट्रोलचा वास यायला लागला. पूर्णेच्या पुलाआधीच्या चढावर मागून क्लबमधल्याच बंडूभाऊंच्या जीपचा हॉर्न वाजला. आरशात पाहिलं तर मागे काळाकुट्ट धूर. आणि तिथेच पद्मिनी बंद पडली.

मी हँडब्रेक ओढला. सुधाकररावांकडे पाहायची हिंमत झाली नाही.

नऊही गाड्या कडेला लागल्या. बोनेट उघडलं. आता मला गप्प बसणं भाग होतं.

देशमुख काका म्हणाले, "मले पेट्रोल ओढणारा पंप तापला वाटते. ओलं फडकं टाका त्याच्यावर."

कोणी पॉइंट म्हणालं, कोणी कॉइल, कोणी आजकालच्या पेट्रोलला शिव्या घातल्या. बंडूभाऊंचं जनरेटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांचा शब्द आमच्यात शेवटचा. ते वाकले, वास घेतला आणि सरळ झाले. "वयनी, कार्ब्युरेटर गेला. इथं नाई होत. अकोल्यात माह्या ओळखीचा माणूस हाय, तिथवर दोरानं नेऊ." आणि जीपमधून दोर काढून उलगडायलासुद्धा लागले.

"दोर नको," सुधाकरराव म्हणाले.

मी चमकून पाहिलं. त्यांना तर दोर हवाच होता.

"काहून?" बंडूभाऊंनी विचारलं.

"नको म्हटलं ना. आणखी पाहा," ते म्हणाले आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले.

सगळ्यांचं सांगून झालं होतं. आता माझी पाळी. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी नववीच्या पोरांना बर्नरची हवेची खिडकी बंद करून दाखवते. निळी ज्योत पिवळी होते आणि वर काजळी धरते. काळा धूर म्हणजे पेट्रोल आहे, पण हवा नाही. मी म्हटलं, "हवेची वाट बंद आहे. एअर फिल्टर उघडा."

बंडूभाऊंनी नट सोडले, झाकण काढलं आणि हवा आत घेणाऱ्या नळीत दोन बोटं घातली. आतून पांढरं कापड यायला लागलं. येतच राहिलं. संपूर्ण बाहेर आलं तेव्हा ते बनियन होतं.

बंडूभाऊंनी ते झटकून सगळ्यांना दाखवलं. मग सुधाकरराव म्हणाले, "माहं आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दुपारी मी बाजारात गेले असताना यांनी रॉकेल आणि ब्रश घेऊन दोन तास इंजिन घासलं होतं. धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून नळीत बनियन कोंबलं आणि काढायचं विसरले. सकाळी ते नळीच्या तोंडाशीच असणार, गाडी चालत गेली तसतसं आत ओढलं गेलं.

"अहो, पण तुम्ही कायले धुतलं?" मी विचारलं. "तुमाले तं गाडी विकायची होती."

"लोकं बोनेट उघडतात," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तुले खाली पाहा लागू नये म्हणून."

मला रडू आलं आणि हसूही. दोन्ही मी तिथेच, सगळ्यांसमोर उरकून घेतलं. काका म्हणाले, "बँकेत जलम गेला याचा, पण लॉकर आता सापडलं." बंडूभाऊ दोर गुंडाळता गुंडाळता हसत होते. पद्मिनी तिसऱ्या चावीला सुरू झाली, दोनदा काळं खोकली आणि चढ चढून गेली.

अकोल्याजवळच्या मळ्यात क्लबच्या जेवणाला कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा तुपात कुस्करून खाल्ल्यावर गाडी चालवायची असेल तर एक तास झाडाखाली पडायची सोय बघा. तो फोटोवाला तिथेच आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, छताचं माप घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, सोमवारी फोन करतो." सुधाकररावांनी नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. अट अजून अर्धीच पुरी झाली होती.

परतीला मूर्तिजापूरवरूनच आलो, कारण उशीर होत होता. हायवेवर एका ट्रकवाल्याने बाजूला येऊन अंगठा दाखवला. पाच वाजता पद्मिनी आपल्या चाकांवर घरी पोचली. सुधाकररावांनी फाटक उघडलं, गाडी आत येऊ दिली आणि कडी घातली. बोलले काही नाहीत. ते हरल्यावर असेच वागतात, म्हणून मीही जिंकल्याचं बोलून दाखवलं नाही.

सोमवारी शाळेतून आले तेव्हा ते पोर्चमध्ये फोनवर होते. मी दाराच्या आत थांबले.

"नाई भाऊ, नाई देऊन राह्यलो," ते सांगत होते. "पैशाचं नाही ते. गाडी तिची हाय." मग जरा थांबले. पलीकडून 'गाडी तुमचीही आहेच ना' असा आग्रह चालला असावा. "माही काय म्हणता? मी फक्त धुतो."