शेजारच्या घराचा वेरा

आबांच्या घराचा वेरा माझ्यामुळे वाढला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात सुरतेत उधन्याला आम्ही दोघांनी लागून घरं बांधली. आबा माझ्याहून मोठे, धुळ्याकडचेच, लूमवर माझ्याच पाळीत. खर्च वाचावा म्हणून मधली भिंत एकच ठेवली. पुढच्या खोलीला मी दरवाजाऐवजी शटर बसवलं. पुढेमागे दुकान टाकलं तर पुन्हा तोडफोड नको, हा विचार. गल्लीत बरेच जण तसंच करायचे. आत मात्र आमची खाट आणि गव्हाची कोठी.

महापालिकेतून आकारणीला आलेल्या माणसाने बाहेरूनच शटर पाहिलं आणि दुकान लिहून नेलं. घरपट्टीला तिकडे वेरा म्हणतात. माझा वेरा दुकानाचा आला. तो भरणं मला शक्य नव्हतं, आणि थकला तर नळ कापतील ही धास्ती. जेवण जाईना. शेवटी वांधा अर्ज, म्हणजे हरकतीचा अर्ज, दिला.

सुनावणीला साहेब म्हणाले, शटर आहे म्हणजे दुकान आहे, सगळे असंच सांगतात. हातातून जातंय असं वाटलं आणि मी बोलून गेलो, "साहेब, शेजारी बघा ना. तिथे साडीला लेस लावायच्या मशिनी चालतात, तरी त्यांना घराचाच वेरा. मग मला का दुकानाचा?"

आबांचा वेरा वाढावा असं मनात नव्हतं. पण त्या मशिनी कोण चालवतं हे मला माहीत होतं. आबांची सून, तान्हं बाळ सांभाळून.

पाहणीला माणूस आला. या वेळी आत शिरला, खाट पाहिली, माझं दुकान खोडलं. मग शेजारी गेला. मी चहाचा कप धरून बसलो होतो. भिंतीपलीकडची मशीन थांबल्याचं मला ऐकू आलं.

वाढीव वेऱ्याची नोटीस घेऊन आबा माझ्याकडेच आले. "तुनं काम हुयनं ना, भाऊ? मंग मालेबी लिखी दे. संगे चाल."

लिहून दिलं. सोबत गेलो. रात्रभर एकच भीती होती, साहेब तेच असले तर? तेच होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तमे तो पहेलां आवेला ने?"

मी आधी येऊन गेलोय, हे त्यांच्या लक्षात होतं. मी तोंड उघडायच्या आत आबाच अभिमानाने सांगू लागले, माझा अर्ज यांनीच लिहिला, सख्ख्या भावासारखे आहेत. साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, मशिनी काढा, घराचा वेरा लावू.

परतताना आबांनी चहा पाजला. म्हणाले, साहेब तुला बिचकला बघ, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी हसलो.

मशिनी विकल्या. सून भेस्तानला कारखान्यात जाऊ लागली, बाळ आजीकडे ठेवून. संध्याकाळी ती परत येईपर्यंत त्याचं रडणं आमच्या घरात ऐकू यायचं. बायको म्हणायची, जरा आणा त्याला इकडे. मी आणत नसे.

आबा आता थकलेत. आम्ही ते घर सोडलं, ते अजून तिथेच राहतात. मी दिवाळीला जातो, ते पाठीवर हात ठेवतात, आणि मी निघून येतो. त्यांचं घर मीच दाखवलं, हे आबांना आणि त्यांच्या सुनेला समोर बसून सांगायचं माझं देणं अजून बाकी आहे.