उंदरांचा निकाल

आई शिकागोला सहा महिन्यांसाठी आली आणि आल्या आल्याच तिने माझी अब्रू पणाला लावली. एका मराठी घरी पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, पावभाजीच्या रांगेत उभं राहून तिने जाहीर केलं, "आमच्या हिने डोळ्यांचं औषध काढलंय. एकच इंजेक्शन. जन्मात पुन्हा नाही."

"वॉव काकू! अप्रूव्ह झालं का?" कुणीतरी विचारलं.

"होतंय," आई म्हणाली. मी कागदी बशी घेऊन बाल्कनीत पळाले. मी साधी पोस्टडॉक, पीएचडीनंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राबणारी. माझे सगळे पेशंट अंगठ्याएवढे उंदीर.

पण आईला दोष तरी काय देणार? तिला जुना मधुमेह. त्यात डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात, तकलादू, आणि फुटल्या की डोळ्यात रक्त साचतं. नाशिकला तिचा डावा डोळा असाच गेला होता. लेझर केलं होतं, पण फार उशिरा. आईच्या लेखी मात्र डोळा लेझरनेच घालवला. आता उजव्यात काळे ठिपके तरंगायला लागले होते. इथल्या डॉक्टरबाईंनी तपासून लेझरसाठी शुक्रवारची वेळ दिली आणि अजिबात थांबू नका म्हणून बजावलं.

"मी नाही जाळून घेणार," आई म्हणाली. "तुझं औषध आहे ना?"

मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. तिचं आपलं एकच. "तुझ्या उंदरांचा निकाल कधी?"

"गुरुवारी. पण त्याचा तुझ्याशी काय संबंध?"

"मग ठरलं. उंदीर बरे झाले तर मी थांबते. नाही झाले तर शुक्रवारी मुकाट येते."

आईने एकदा ठरलं म्हटलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते बदलत नाही.

आमचं काम असं होतं. एका विषाणूतला रोग करणारा भाग काढून टाकायचा आणि त्या रिकाम्या खोक्यात एक जनुक भरायचं. ते डोळ्यात गेलं की तिथल्याच पेशी वाहिन्यांना आवर घालणारं प्रथिन बनवत राहतील, अशी आशा. उंदराच्या प्रत्येक पिल्लाच्या उजव्या डोळ्यात जनुक, डाव्यात नुसतं रिकामं खोकं. मग पिल्लांना भरपूर प्राणवायूच्या पेटीत ठेवायचं. तिथून साध्या हवेत आणलं की त्यांच्या डोळ्यांत वाहिन्यांचं रान माजतं.

या प्रयोगाच्या यशासाठी मी किती झुरले होते ते माझं मला माहीत. त्या गुरुवारी मायक्रोस्कोपच्या काळोख्या खोलीत शिरताना मात्र मी मनात म्हणत होते, फसू दे. देवा, या खेपेला फसू दे.

फसलं नाही. डाव्या डोळ्यांत रंग दिलेल्या वाहिन्यांचा हिरवा झगझगीत गुंता होता. उजवे जवळजवळ स्वच्छ. बॉस माझ्या खांद्यावरून वाकून बघत "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" करत होता आणि मी एकेक फोटो टिपत होते.

बसमध्ये मी खोटं बोलायची तालीम केली. पण घरात शिरले तर आई टेबलाशी मेथी निवडत होती, पान न् पान डोळ्याजवळ नेऊन. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "झाले ना बरे?"

"झाले," मी म्हटलं. मला तिचा भयंकर राग आला. मी पिशवीतून फोटो काढून तिच्यापुढे आपटले.

तिने एक उचलला, उजव्या डोळ्याशी धरला. चेहरा असा खुलला की मला बघवेना. "किती स्वच्छ गं! पण हा पडदा असा पाकळ्यांसारखा का कापलाय?"

"डोळ्यातून काढून काचेवर सपाट पसरावा लागतो. त्याशिवाय सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत."

"काढून? मग उंदीर?"

"मारावा लागतो, आई."

तिने फोटो खाली ठेवला. "म्हणजे औषधानंतर त्याचा डोळा पुढे टिकला का, ते..."

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

हे मी सेमिनारमध्ये कितीदा इंग्रजीत बोलले होते. आईसमोर, मराठीत, पहिल्यांदाच. आई पुन्हा मेथीकडे वळली. उरलेली जुडी तिने निवडून संपवली.

"उद्या कितीला निघायचं?" तिने विचारलं.

लेझरच्या खोलीत जाईपर्यंत तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. नंतरही दोनदा जावं लागलं. नजरेच्या कडेचं दिसणं कमी झालं, संधिप्रकाशात ती चाचपडायला लागली, पण डोळा टिकला. परत जायच्या आधी एका रविवारी तिने कॉलिंग कार्डावरचे बारीक आकडे स्वतः वाचून नाशिकला मावशीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते.

"औषध अगदी लागू पडलंय गं पोरीचं," ती सांगत होती. "फक्त ते घेऊन अजून कुणी जगलेलं नाही."